वरीलप्रमाणे

पाणीपुरवठा कचेरीत तिला नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. साहेबांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे तिला पट्टीबाई म्हणत, आणि पाणीपट्टीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तिच्याकडे एक लाकडी पट्टी होती. फूटभर लांब, एका कडेला पितळेची पात, आणि वरचे आकडे इतके झिजलेले की तिने काही मोजता येणं शक्यच नव्हतं. मोजायला ती नव्हतीच. काहीही वाचायचं झालं की पट्टीबाई आधी ओळीखाली पट्टी धरायची आणि मगच डोळे उघडायची, असं कचेरीत म्हणत. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती वर्तमानपत्रही पट्टी धरून वाचताना सापडली, तेव्हापासून तर चेष्टेला ऊत आला.

चेष्टा करणाऱ्यांना पट्टीमागची गोष्ट ठाऊक नव्हती. बत्तीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात, कोणत्या गल्लीचा कॉक किती वाजता उघडायचा याची यादी तिने नव्या वहीत उतरवली आणि मधेच कुठेतरी तिचा डोळा एक ओळ खाली घसरला. तिथून पुढे प्रत्येक गल्लीची वेळ शेजारच्या गल्लीला गेली. दोन दिवस अर्धं शहर रिकाम्या भांड्यांसमोर उभं होतं. नोकरी जायची ती थोरल्या कारकुनांमुळे राहिली. ते रागावले नाहीत. आपल्या खणातून ही पट्टी काढून त्यांनी तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "डोळा घसरतो. पट्टी घसरत नाही."

तशी ती मुळात धांदरटच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यातला तिचा सगळा व्यवस्थितपणा. लहानपणी उलटा सदरा घालून शाळेत जाणं, वही विसरणं, जेवणाच्या डब्याऐवजी दळणाचा डबा उचलणं, हे सगळं तिच्या खाती जमा होतं. थोरली बहीण तिला "गडबडे" म्हणायची, आणि घराबाहेर पडताना तिची बटणं, वेणी, दप्तर असं सगळं पुन्हा तपासायची. ताईने तपासल्याशिवाय गडबडीची कुठलीही गोष्ट पुरी झाली, असं त्या घरात कुणी मानत नसे.

ताई आता साठीला टेकली होती आणि शहराच्या उतारावर, दगडी पायऱ्यांच्या शेजारी, पाळणाघर चालवत होती. अकरा मुलं. सर्वांत मोठं चार वर्षांचं, सर्वांत धाकटं अजून रांगणारं. तिच्या दारापासून वीस पावलांवर एक हातपंप होता आणि पाळणाघराचं सारं पाणी त्याच पंपाचं.

आता पट्टीबाईचं कचेरीतलं काम. शहरात चौदा ठिकाणचं पाणी दर सोमवारी तपासलं जाई. नळ, पंप, एक विहीर. नमुने आणायचे ते तपासनीस. खांद्याला बाटल्यांची पेटी अडकवून ते दिवसभर हिंडत, म्हणून त्यांचं नाव बाटलीभाऊ. दुसऱ्या प्रकारच्या बाटलीला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता, त्यामुळे त्या नावाचा त्यांना फार राग येई आणि म्हणूनच ते टिकलं. दोन दिवस बाटल्या उबेत ठेवल्या की बुधवारी निकाल कळे. एक तर पिण्यास योग्य, नाहीतर पिऊ नये. तिसरा शेरा नाही. भाऊ कागदावर निकाल लिहून देत आणि पट्टीबाई तो वहीत चढवी.

तिच्या वह्या बघण्यासारख्या असत. अक्षर गोल, रेघा सरळ, खाडाखोड नावाला नाही. एकच शेरा ओळीने पाच-सात ठिकाणी आला तर ती तो पहिल्या ओळीत पुरा लिही आणि खाली प्रत्येक ओळीत दोन छोट्या तिरक्या रेघा ओढी. म्हणजे वरीलप्रमाणे. थोरल्या कारकुनांनीच तसं शिकवलं होतं आणि त्यांना त्यांच्या वरच्यांनी. त्या दोन रेघा ती इतक्या एकसारख्या काढायची की रकानाभर मुंग्यांची रांग चालल्यासारखी दिसे. वहीतल्या ओळी जागच्या हलत नाहीत. वरची ओळ काल वर होती, आज वर आहे आणि वही वाळवीने खाल्ली तरी वरच राहणार.

मग वह्या बंद झाल्या. निकाल आता थेट शहराच्या संकेतस्थळावर टाकायचे, असा हुकूम आला आणि ते शिकवायला वरच्या कचेरीतून एक बाई तीन दिवस येऊन राहिल्या. पडद्यावर एक चौकोनी जाळी उघडायची. ओळीच्या कडेला बोट ठेवलं की छोटी यादी येई: वर ओळ जोडा, खाली ओळ जोडा, ओळ काढा, घरं एकत्र करा. एका घरातून पुढच्या घरात जायला टॅब दाबायचं, आणि शेवटच्या घरात टॅब दाबलं तर यंत्र न विचारता नवी ओळ काढून देई. पहिल्या दिवशी पट्टीबाईने अशा अकरा रिकाम्या ओळी काढल्या आणि त्या पुसताना मथळ्याची ओळही पुसली. शिकवणाऱ्या बाई हसून म्हणाल्या की 'पूर्ववत करा' नावाचं बटण देवासारखं आहे, काही बिघडत नाही. पट्टीबाईला ते पटलं नाही. ज्या कामात बिघडलेलं इतकं सहज परत येतं, त्यात बिघडतंय हे कळणार कसं, असं तिला वाटलं.

जाताना त्या बाईंनी दोन गोष्टी बजावल्या. जतन केलं म्हणजे लोकांना दिसलं असं नव्हे, प्रकाशित करा हे वेगळं दाबायचं. आणि एकही घर रिकामं ठेवायचं नाही. पट्टीबाईने दोन्ही गोष्टी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतल्या आणि तंतोतंत पाळल्या. एकही घर तिने कधी रिकामं ठेवलं नाही. जिथे शेरा वरच्यासारखाच होता तिथे तिने दोन तिरक्या रेघा टाकल्या.

सात महिने सगळं सुरळीत चाललं. भाऊंच्या फेरीचा क्रम ठरलेला, त्याच क्रमाने चौदा ओळी, आणि दर बुधवारी पडद्यावर पट्टी धरून ती एकेक ओळ कागदाशी ताडून पाही. पडद्यावर पट्टी धरलेली बघून नवे लोक तोंडावर हात ठेवत, पण चूक मात्र एकही निघाली नव्हती. शिवाय आता तिच्या कामाला एक वाचक मिळाला होता. ताई. मोबाईलवर तक्ता उघडायचा, पायऱ्यांजवळचा हातपंप शोधायचा, 'पिऊ नये' असेल तर आठवडाभर मोठ्या पातेल्यात पाणी उकळून गार करायचं, आणि 'योग्य' असेल तर सरळ माठात भरायचं. अकरा मुलांचं पाणी उकळणं म्हणजे दिवसातले दोन तास आणि अर्धी शेगडी. एकदा ताई तिला सहज म्हणाली होती, "तू लिहितेस म्हणून मी दुसऱ्या कुणाला विचारत नाही." आयुष्यभर जिची बटणं तपासली जात होती, तिच्यासाठी हे वाक्य केवढं होतं ते तिचं तिलाच माहीत. घरी जाऊन तिने ते नवऱ्याला दोनदा सांगितलं.

त्या बुधवारी निकाल जरा वेगळा होता. पहिली नऊ ठिकाणं योग्य. दहावी शाळेमागची विहीर, पिऊ नये. त्याच उतारावरचा अकरावा, पायऱ्यांजवळचा हातपंप, तोही पिऊ नये. शेवटची तीन पुन्हा योग्य. तिने नेहमीप्रमाणे भरलं. विहिरीपुढे शब्द, हातपंपापुढे दोन रेघा. प्रकाशित करणार इतक्यात साहेब डोकावले. लोकांची तक्रार आहे, आपलं ठिकाण शोधायला सगळी यादी चाळावी लागते, तेव्हा ठिकाणं अक्षरानुक्रमे लावा, असं सांगून ते निघून गेले.

वहीत हे काम म्हणजे नवं पान आणि एक तास. इथे मथळ्यावर एक छोटा बाण होता. तिने धीर करून तो दाबला आणि चौदाही ओळी डोळ्यांदेखत उठून आपापल्या जागी जाऊन बसल्या. तिला खरं तर फार आवडलं ते. पण आवडलं म्हणून तपासणं सोडायची ती बाई नव्हे. तिने पट्टी घेतली, कागद घेतला आणि एकेक ओळ ताडली. नाव, बरोबर. तारीख, बरोबर. निकाल: तिने शब्द लिहिले होते तिथे शब्द, रेघा टाकल्या होत्या तिथे रेघा. जुळलं. पहिल्याच ओळीत दोन रेघा आल्या असत्या तर तिथेच लक्षात आलं असतं, पण नशीब असं की सगळ्यांच्या वर गोदामाजवळचा नळ आला आणि त्याच्यापुढे पुरे शब्द होते. चारला पाच कमी असताना तिने प्रकाशित करा दाबलं, पट्टी खणात ठेवली आणि समाधानाने घरी गेली.

गुरुवारी तिने डोळे तपासायला अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. दवाखान्यात आत शिरताना परिचारिका प्रत्येकाला सांगत होती, "यांच्यानंतर तुम्ही." मग बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून तिने सगळ्यांना एका बाकावर बसवलं, आणि बसवताना ज्याला जशी जागा मिळेल तशी. अर्ध्या तासाने एक काठीवाले आजोबा उठून डॉक्टरांच्या दाराशी गेले आणि वाद सुरू झाला. माझ्या आधीचे आत गेले, आता मीच, असं त्यांचं म्हणणं. जे आत गेले होते ते त्यांच्या आधीचे नव्हतेच, नुसते बाकावर शेजारी येऊन बसले होते.

"तुम्हाला सांगितलं तेव्हा तुमच्या पुढे दुसरं माणूस होतं, आजोबा," परिचारिका म्हणाली. "आता तुमच्या पुढे कोण बसलंय यावर नंबर नसतो."

बाकावरचे सगळे हसले. पट्टीबाईही हसली. आणि हसता हसता थांबली. तेव्हा पुढे दुसरंच माणूस होतं. आता पुढे कोण बसलंय. तिच्या डोळ्यांपुढे चौदा ओळी उठल्या आणि आपापल्या नव्या जागी जाऊन बसल्या, आणि दोन तिरक्या रेघा मुकाट्याने नव्या शेजाऱ्याकडे बोट दाखवू लागल्या.

पिशवीतून मोबाईल काढला तर पडद्यावर नुसतं पांढरं धुकं. थेंबांनी आपलं काम केलं होतं. हात लांब केला, जवळ आणला, डोळे बारीक केले, काही उपयोग नाही. डावीकडच्या बाईंना विनवलं, तर त्यांनाही थेंब घातलेले. उजवीकडच्या मास्तरांनाही. त्या बाकावर एकालाही अक्षर दिसत नव्हतं. शेवटी परिचारिकेचा हात धरून तिने फोन तिच्या हातात कोंबला आणि पायऱ्यांजवळचा हातपंप शोधायला सांगितलं.

"हा काय. पुढे दोन रेघा आहेत."

"त्याच्या वरती काय आहे?"

"पाण्याच्या टाकीखालचा नळ. पिण्यास योग्य."

म्हणजे हातपंपही योग्य. तिने स्वतः लिहिलेलं, स्वतः ताडून पाहिलेलं, स्वतः शहराला सांगितलेलं. आणि आज गुरुवार होता, साडेदहा वाजून गेले होते, मुलं नऊला येतात.

परिचारिकेकडूनच तिने ताईला फोन लावून घेतला. वाजत राहिला. मुलं ओढतात म्हणून ताई फोन फळीवर, पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि मुलं झोपली की एक वाजता बघायची. हे ठाऊक असूनही तिने तीनदा लावायला सांगितला. मग कचेरीचा नंबर, जो तिला झोपेतही पाठ होता. फोन भाऊंनी उचलला.

बाटलीभाऊ संगणकाला हात लावत नसत, विटाळ झाल्यासारखे दूर उभे राहत. आज त्यांना तिच्या खुर्चीत बसावं लागलं. परवलीचा शब्द वहीच्या शेवटच्या पानावर आहे, तो एका बोटाने टाका, मग डावीकडे पाणी, मग निकाल, मग वरची पेन्सिल, असं ती भिंतीकडे तोंड करून सांगत होती. दिसत काहीच नव्हतं, पण ते पान तिच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की कुठलं बटण कुठे ते ती बोटाने हवेत दाखवत होती. भाऊंनी ओळीच्या कडेला दाबलं आणि भलतंच काही झालं. हातपंप आणि वरचा नळ एकाच मोठ्या घरात शिरले, असं ते घाबरून म्हणाले. घरं एकत्र झाली होती. तिने त्यांना पूर्ववत करा शोधायला लावलं. भाऊंना ते सापडलं आणि ओळी पुन्हा वेगळ्या झाल्या.

"भाऊ, आता त्या दोन रेघा पुसा आणि लिहा, पिऊ नये. पुरं लिहा. आणि सगळ्यात खाली सुतारांच्या ओळीतला नळ आहे ना, त्याच्या वर विहीर आली असेल. त्याच्यापुढे योग्य लिहा, ते लोक उगीच लांबून पाणी आणत असतील."

"खरंच विहीर आहे वर," भाऊ म्हणाले. आणि मग जरा थांबून, "बाई, पायऱ्यांजवळ तुमची ताई ना?"

"आधी प्रकाशित करा दाबा, भाऊ." भाऊंनी प्रकाशित करा दाबल्याचं सांगितलं, तसा तिने फोन ठेवला. आतून तिच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा ती रस्त्यावर होती.

बाहेर ऊन नुसतं अंगावर धावून आलं. रस्ता, माणसं, गाड्या, सगळं पांढरं आणि कडा नसलेलं. रुमाल कपाळाला धरून, भिंतीच्या कडेकडेने ती बसच्या थांब्यावर आली आणि येणाऱ्या प्रत्येक बसचा नंबर ओरडून विचारू लागली. बसमध्ये ती मनात हिशेब मांडत होती. काल संध्याकाळी ताईने वाचलं असेल. सकाळी माठ भरला असेल. एक मूल तासात किती पाणी पितं? रांगणारा तर आईचंच दूध पीत असेल. नाही, त्याला आता वरचं सुरू केलंय, ताई परवाच म्हणाली होती. मग तिने स्वतःला समजावलं की ताई कधीकधी योग्य असलं तरी उकळते. असं ताईने एकदाही केलं नव्हतं, हेही तिला माहीत होतं.

पायऱ्या तिने कठड्याला धरून मोजत उतरल्या. दार उघडंच होतं. ताई तिला बघून चकित झाली, डोळे लाल का, रजा का, चहा ठेवू का, असं एका दमात विचारू लागली. कोपऱ्यात एका स्टुलावर माठ होता. शेजारी अकरा छोटे पेले पालथे घातलेले असायचे, ते तिला धूसर दिसले. किती पालथे आणि किती सुलटे, ते दिसत नव्हतं.

"ताई, माठातलं पाणी उकळलेलं आहे?"

"नाही. योग्य आहे ना या आठवड्यात? तू लिहिलंयस."

"मी चुकीचं लिहिलं."

मुलं आपापसांत खेळत होती. ताईने माठ उचलून मोरीत नेला आणि पालथा केला. पेल्यांतलं उरलेलंही ओतलं. रागावली नाही, हे सगळ्यात वाईट. लहानपणी एवढंसं झालं तरी "गडबडे, लक्ष कुठे असतं तुझं" म्हणून ती पाठीत धपाटा घालायची. पट्टीबाईला त्या क्षणी तो धपाटा हवा होता. तिने पुढे होऊन फळीवरचा डबा काढला आणि फोन ताईच्या हातात दिला. ताई नंबर लावत होती आणि बोलत होती पट्टीबाई. अकरा घरी तिने तेच वाक्य सांगितलं. मी पाणी कचेरीतून बोलतेय, तुमचं मूल आज न पिण्याजोगं पाणी प्यायलंय, चूक माझी आहे, ताईंची नाही. कुणी गप्प बसलं, कुणी फोनवरच रडलं, एका बापाने तिला ऐकवायचं ते सगळं ऐकवलं. तिने ते पुरं ऐकून घेतलं.

पुढचे तीन दिवस तिने कसे काढले हे सांगण्यात अर्थ नाही. चार मुलांची पोटं बिघडली. त्यातली तीन मीठसाखरेच्या पाण्यावर सावरली. रांगणाऱ्याला मात्र तीन दिवस रुग्णालयात ठेवावं लागलं, त्याच्या एवढ्याशा हाताला सलाईनची सुई. पट्टीबाई त्या खोलीच्या दाराबाहेर रोज जाऊन बसायची. आत जायचं धाडस नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईनेच बाहेर येऊन सांगितलं की आज त्याने खिमटी खाल्ली. तेव्हा ती ओंजळीत तोंड घालून रडली, आणि त्या आईनेच तिला पाणी आणून दिलं. भाऊ म्हणत राहिले की पंपाचंच पाणी बाधलं हे कशावरून, एवढ्या लहान मुलांची पोटं काय, कशानेही बिघडतात. ती आधाराची काठी तिने घेतली नाही. दोन मुलं पाळणाघरातून निघाली ती परत आली नाहीत.

साहेबांचं म्हणणं पडलं की तक्ता आता बरोबर आहे, लेखी तक्रार कुणाची नाही, तर मग गाजावाजा कशाला. बत्तीस वर्षांत पट्टीबाई साहेबांच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. या वेळी गेली. तक्त्याच्या वर तिने तीन ओळी लिहिल्या: मागच्या बुधवारी या तक्त्यात दोन ठिकाणांचे निकाल उलटे दिसत होते. पाणी तपासण्यात चूक नव्हती, लिहिण्यात होती. ती माझी. खाली हुद्दा आणि आपलं नाव. कचेरीतल्या कित्येकांना पट्टीबाईचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आणि तिने रेघा सोडल्या. चौदा ओळी, चौदा वेळा पुरे शब्द. पहिल्या बुधवारी तिचं बोट सवयीने पुन्हा पुन्हा त्या रेघांच्या कळीकडे जाई आणि ती ते मागे ओढी. लिहून झालं की ती आता कागद हातात घ्यायची आणि पडद्याकडे पाठ करून बसायची. भाऊ पडद्यावरून एकेक ओळ मोठ्याने वाचत आणि ती कागदाशी ताडून बघे. पट्टी खणातच राहू लागली.

तीन आठवड्यांनी हातपंपाचा निकाल योग्य आला. भाऊंनी पंपात औषध टाकून दोनदा नमुना घेतला होता, दोन्ही वेळा योग्य. त्या बुधवारी तिने ते दोन शब्द लिहिले, प्रकाशित केले, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी ताईकडे गेली. फोन करायला हवा होता, पण हे तिला समोर सांगायचं होतं.

पायऱ्या उतरतानाच तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाफ बाहेर येताना दिसली. आत शेगडीवर मोठं पातेलं होतं आणि त्यात पाणी खळखळत होतं. मुलं अजून यायची होती. ताईचा फोन ओट्यावर उघडाच पडला होता आणि त्यावर तक्ता होता. पायऱ्यांजवळचा हातपंप, पिण्यास योग्य. ताईने वाचलं होतं.

तिला दारात बघून ताई गोरीमोरी झाली. तिने लगबगीने शेगडीच्या बटणाला हात घातला, आणि वर हसून म्हणाली, "अगं, मी जुनी सवय म्हणून ठेवलं होतं. आता योग्य आलंय, वाचलं मी."

पट्टीबाईने पुढे होऊन ताईचा हात धरला.

"राहू दे, ताई. उकळू दे."

दोघी शेगडीपाशी उभ्या राहिल्या. ताईने तिच्या कुर्त्याकडे पाहिलं, खालचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं, ते काढलं आणि नीट लावून दिलं.